नानांची शिंक

“खोली आहे. पण तू वाजवतोस काय?”

कॉलेजसाठी जळगावात आलो तेव्हा खोलीच्या शोधात मी बरीच घरं पालथी घातली होती. कुणी आडनाव विचारलं, कुणी स्वयंपाक खोलीत करणार का ते विचारलं, कुणी दिवा कधी बंद करणार ते विचारलं. काय वाजवतोस, असं विचारणारे घरमालक मला एकच भेटले. पाचोऱ्याच्या पलीकडच्या आमच्या खेड्यात मी भजनाला ढोलकी वाजवायचो आणि शाळेच्या कवायतीला साइड ड्रम. तसं सांगितलं. त्यांनी ओट्यावरचा तेलाचा रिकामा डबा पायानं माझ्याकडे सरकवला. मी मांडी घालून तो वाजवायला लागलो. त्यांनी उजव्या कानातला कापसाचा बोळा काढला, थोडा वेळ ऐकलं, बोळा परत कानात घातला आणि म्हणाले, “ड्रमची खोली रिकामी आहे. सामान घेऊन ये.”

त्यांना सगळे नाना म्हणत. मीही इथे तेवढंच म्हणेन. मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा होता, आणि जीव ऑर्केस्ट्रात होता. घराच्या मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्यांची ओळ होती. त्या खोल्यांना नंबर नव्हते, वाद्यं होती. अ‍ॅकॉर्डियनची खोली, काँगोची खोली, ड्रमची खोली. ज्या खोलीत जे वाद्य ठेवलेलं असे ते वाजवणारा भाडेकरू नाना शोधत. माझ्या खोलीत अर्ध्या जागेत ड्रमसेट होता आणि उरलेल्या जागेत मी. नानांनी सेटमधल्या प्रत्येक वस्तूचं नाव ठेवलं होतं. मोठा बेस ड्रम म्हणजे म्हैस. हायहॅट, म्हणजे पायानं वाजणारी झांजांची जोडी, ती टाळ. डोक्यावरची मोठी झांज थाळा आणि तिच्याहून लहान, जोरात फुटणारी, ती परात. म्हशीचा आवाज घुमू नये म्हणून तिच्या पोटात उशी घालावी लागते. ती उशी माझीच असे. कार्यक्रम असला की माझी उशी गावोगाव जायची आणि परत आली की मी तिच्यावर डोकं ठेवायचो.

नानांच्या दोन्ही कानांत कापूस असायचा. जळगावच्या मे महिन्यातसुद्धा त्यावरून मफलर. “कान म्हणजे काय रस्त्यावरची मोरी आहे का? येईल ते जाऊ द्यायला?” असं म्हणायचे. ऐकण्यासारखं काही असलं तरच बोळा निघायचा, तोही एका कानातला. दोन्ही बोळे निघाले तर समजायचं, आज काही तरी विशेष आहे. उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका माठ घ्यायला जाताना नानांना सोबत न्यायच्या. नाना माठांच्या रांगेसमोर उकिडवे बसत, बोळा काढत आणि एकेका माठाला टिचकी मारून सांगत, “हा गळेल. हा पाणी गार करेल, पण आवाज बसका आहे, घेऊ नकोस.” एखादी बाई म्हणायची, “नाना, पाणी गार झालं म्हणजे बस झालं, मला कुठे त्याच्यावर गाणं म्हणायचंय?” नाना रागावून बोळा कानात घालून उठून जात.

आणि शिंक. शिंकेला नाना फार मानत. घरातून कुठेही निघताना कुणी एकदा शिंकलं की नाना होते तिथे बसत, घोटभर पाणी पीत आणि दुसऱ्या शिंकेची वाट पाहत. एक शिंक वाईट, दोन चांगल्या. पण नानांचा नियम असा, की दुसरी शिंक त्याच नाकातून आली पाहिजे. एकदा अ‍ॅकॉर्डियनवाला निघता निघता शिंकला आणि पुढे काही त्याला शिंक येईना. गाडी तयार, पलीकडे लग्नघर वाट पाहतंय. नानांनी खिशातून तपकिरीची डबी काढली. स्वतः ते तपकीर ओढत नसत, डबी फक्त यासाठी होती. अ‍ॅकॉर्डियनवाल्याच्या नाकात चिमूट कोंबली, तो शिंकला आणि मग शिंकतच राहिला. त्या लग्नात त्यानं एक ओळ सरळ वाजवली नाही. नाना मात्र निवांत होते.

हे सगळं हसण्यासारखं झालं. पण नानांचा खरा गुण म्हणा, अवगुण म्हणा, हेवा हा होता. माणसाला हेवा वाटतो हे मला माहीत होतं. पण हेव्यावर संसार करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. नाना मूळचे धुळ्याचे. तिथे ते आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून ऑर्केस्ट्रा चालवायचे. काही तरी बिनसलं आणि नाना जळगावला आले. धुळ्याचा ऑर्केस्ट्रा भावाकडे राहिला. भावाचं नाव नानांनी पुन्हा घेतलं नाही. ते त्याला ‘तिकडचे’ म्हणत. धुळ्याच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता. तो दिसला की नानांचा पहिला प्रश्न, “काय, तिकडे नवीन काय?” तिकडे नवा माइक आला की इकडे दोन यायचे. तिकडे गायिकेनं भरजरी साडी नेसली की आमची गायिका बिचारी उन्हाळ्यात शालू नेसून घामाघूम व्हायची. त्यावर नानांच्या बायको, आम्ही त्यांना अक्का म्हणत असू, त्या चुलीपासून अहिराणीत ओरडायच्या, “जळगावले उनात ते निस्तं जळाले उनात तुम्ही!” जळगावला आलात ते नुसतं जळायलाच आलात, असा अर्थ.

मला नाना पहिल्या वर्षापासून ‘ग्रॅज्युएट’ म्हणत.

“नाना, अजून झालो नाही मी.”

“होशील. तिकडे सांगून टाकलंय.”

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. घरी अभ्यासाबद्दल विचारणारं कुणी नव्हतं, कारण काय विचारायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. नाना विचारायचे. परीक्षा जवळ आली की माझ्या खोलीतला ड्रमसेट स्वतः उचलून मंडपाच्या गोदामात नेऊन ठेवायचे. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी विसरलेलो नाही. पण एका गोष्टीसाठी मी तेव्हा तळमळायचो. नाना माझ्या वाजवण्याला कधी बरं म्हणाले नाहीत. “मारतोस. वाजवत नाहीस,” एवढंच. कार्यक्रमात ते स्टेजवर मागे, माझ्या पाठीशी, स्टूल टाकून बसायचे. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे तेही मला कधी दिसायचं नाही.

मग कंडक्टरनं बातमी आणली. तिकडच्या ड्रमवर एक नवीन, बशीएवढी झांज लागली आहे. मुंबईहून आणली. तिला स्प्लॅश म्हणतात.

नाना त्या दिवशी नीट जेवले नाहीत. पुढच्याच रविवारी सोनगीरला तिकडच्यांचा दुपारचा कार्यक्रम होता. नाना मला घेऊन निघाले. मफलर डोळ्यांपर्यंत ओढून ते शेवटच्या रांगेत बसले आणि मला पुढे बसवून माझ्या आडून पाहू लागले. ड्रमवर किशोर नावाचा माझ्याच वयाचा मुलगा होता. केस मानेपर्यंत, अंगात पिवळा शर्ट. वाजवताना तो हसायचा, हे मला आधी आवडलं नाही. गाणं ऐन रंगात आलं, एका ओळीनंतर क्षणभर सगळी वाद्यं थांबली, आणि त्या रिकाम्या जागेत त्यानं ती छोटी झांज मारली. छिस्. आवाज आला आणि गेला. मागे कुणी काही पुसून टाकावं तसा गेला.

मी मागे वळून पाहिलं. नानांनी दोन्ही बोळे काढून तळहातावर धरले होते. डोळे मिटले होते. आणि त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, “आ हा.”

मी परत पुढे वळलो. तेलाच्या डब्यापासून मी या माणसासाठी हात मोडून वाजवत होतो. घरच्या माणसाला डाळ-भात आणि पाहुण्याला शिरा वाढावा, तसं वाटलं. परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि नाना स्वतःशीच बोलत होते. “शिंक आहे रे ती. अगदी शिंक. आली आणि संपली. शिंक यावी, पण सर्दी नको.” तेव्हापासून स्प्लॅश झांजेचं नाव शिंक पडलं. अक्कांनी ते ऐकल्यावर कपाळावर हात मारला. “दुसरं नाव नही भेटनं का तुम्हले?” पण नानांच्या तोंडून नाव निघालं की ते पक्कं.

आता आम्हाला शिंक पाहिजे होती. अडचण अशी, की मुंबईहून आणावी तर तिकडच्यांची नक्कल होते आणि न आणावी तर तिकडचे पुढे जातात. नानांनी तपासण्याची पद्धत मात्र लगेच ठरवली. झांज मारायची आणि त्याच क्षणी साध्या चालीत “राम, राम” म्हणायचं. पहिल्या रामाला आवाज आला पाहिजे आणि दुसरा राम तोंडात येईपर्यंत संपला पाहिजे. “पहिल्या रामात शिंक, दुसऱ्या रामात शांतता.” घरात काही दिवस तेच चाललं. नानांनी झाकण्या मारून पाहिल्या, तराजूचं पारडं मारून पाहिलं, एका पाहुण्याच्या स्कूटरचं चाकावरचं स्टीलचं झाकण काढून मारून पाहिलं. पाहुणा राम राम ऐकून हात जोडायचा. शेवटी नानांनी फळीवरची अक्कांची काशाची थाळी काढली आणि माझ्याकडे देऊन म्हणाले, “मध्ये भोक पाडलं की बसेल स्टँडवर. मार.” मी मारली. आवाज सुरू झाला तो संपेचना. राम राम करून नानांची दमछाक झाली.

“ही शिंक नाही, ही देवळातली घंटा आहे,” नाना म्हणाले. “आता प्रसाद वाटावा लागेल.”

तेवढ्यात अक्का आल्या. “तुम्हनं डोकं ठिकाणावर शे का? मनी माहेरनी थाळी शे ती! भोक पाडाले आणी का मना बापनी?”

थाळी पदराखाली घेऊन त्या गेल्या आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघराला आतून कडी लागायला लागली.

माझ्या मनात वेगळंच होतं. आमच्या जुन्या परातीला, म्हणजे क्रॅश झांजेला, कडेला चीर गेली होती. तिच्यावरच मी ड्रम शिकलो होतो, त्यामुळे ती टाकवत नव्हती. मी नानांना म्हटलं, चीर गेलेला काठ गोल कापून टाकला तर मधला भाग बशीएवढा उरेल, त्याचीच शिंक करू. नानांनी उजव्या कानातला बोळा काढला. “कुणी सांगितलं तुला?” “कुणी नाही.” “हं,” म्हणाले. आणि आम्ही पुन्हा सोनगीरला गेलो, या वेळी तिथल्या तांबटाकडे. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी आमच्याकडे घरोघर असतात. तांबटानं परात उलटसुलट करून पाहिली.

“नाना, ही तर गेली कामातून. हिची बशी करून देऊ का? चहा तरी प्याल.”

“बशीच कर. पण शिंकणारी कर.”

“म्हणजे?”

“राम राम म्हणता येतं ना तुला?”

तांबट बिचारा कात्रीनं काठ कापायचा, कानस लावायचा, टिचकी मारायचा आणि राम राम म्हणायचा. दुपारपर्यंत त्याच्या दुकानापुढे माणसं जमली. कुणी वारलं की काय असं विचारायलाही एक म्हातारा येऊन गेला. कापलेली झांज ओबडधोबड दिसत होती, पण तिचा आवाज थोडक्यात आटपायचा. मला ती फार आवडली. नानांनी ती पिशवीत टाकली आणि तांबटाला पैसे दिले. आणि आठ-पंधरा दिवसांनी त्यांनी गुपचूप मुंबईचीही एक मागवली. पसंत पडली तर ठेवू, नाही तर परत, असं. दोन्ही झांजा माझ्या खोलीच्या खिडकीत लटकल्या. एक चकचकीत, एक कापलेली. नाना येता-जाता कधी हिला मारायचे, कधी तिला. मुंबईची घेतली तर तिकडचे हसतील, कापलेली घेतली तर तिकडचे हसतील, एवढा एकच विचार. असोद्याचं लग्न जवळ आलं. केळीच्या मोठ्या बागाईतदाराच्या घरचं लग्न, आणि शेवटच्या गाण्यात शिंक वाजलीच पाहिजे असं नानांनी जाहीर केलेलं. कोणती, ते मात्र ठरेना.

लग्नाच्या दिवशी सकाळी कॉलेजमधला चाचणीचा पेपर देऊन मी धावतपळत खोलीवर आलो. दार उघडं होतं. आत माझ्या स्टुलावर किशोर बसला होता. तोच पिवळा शर्ट. त्याच्या मांडीवर माझी उशी होती आणि समोर नाना उभे, दोन्ही कान उघडे.

“ये, ये ग्रॅज्युएट. हा तिकडचा किशोर. कंडक्टरकडे निरोप देऊन निवडायला बोलावलाय.”

निवडायला त्याला बोलावलं, माझ्या खोलीत. त्यानं नखानं मुंबईची झांज वाजवली, मग कापलेली. पुन्हा मुंबईची. कान जवळ नेऊन मान हलवली. नाना त्याच्याकडे असे पाहत होते की, मला ते पाहवेना.

“ही आमच्यासारखीच आहे,” मुंबईच्या झांजेला हात लावून तो म्हणाला. “आणि ही...” कापलेलीकडे पाहून तो थांबला. “हिला आवाज कमी आहे, पण लवकर मरते. ही कुणी कापली?”

“इथंच कापली,” नाना म्हणाले.

माझं नाव घेतलं नाही. मी उशी त्याच्या मांडीवरून ओढून घेतली आणि म्हशीच्या पोटात कोंबली. मला वाटलं, आज झांज निवडतायत, उद्या वाजवणारा निवडतील. खोली ड्रमची होती. ड्रम ज्याचा, खोली त्याची.

मॅटॅडोर दाराशी लागली. सामान चढायला लागलं. नानांनी दोन्ही झांजा गाडीत घ्यायला सांगितल्या, “तिथं गेल्यावर पाहू.” अक्कांनी सगळ्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. नानांनी गाडीला नारळ फोडला, हात जोडले, “चला” म्हणाले आणि पाय उचलला. तेवढ्यात किशोर, जास्तच मदत करण्याच्या भरात, झांजांचा स्टँड घेऊन गाडीत चढताना दाराला थडकला. कापलेली झांज दारावर आपटली.

छिस्.

“शिंक!” अ‍ॅकॉर्डियनवाला किंचाळला.

नानांचा उचललेला पाय परत खाली आला. “कोन शिंकना रे?”

“नाना, ती... ती आपली शिंक शिंकली.”

कुणी हसलं नाही. तिचं नाव नानांनीच ठेवलं होतं. नाना तिथेच पायरीवर बसले. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे आदळून म्हणाल्या, “सांगेल होतं ना, दुसरं नाव ठेवा!” सगळे ओळीनं बसून पाणी प्यायलो. किशोरला काहीच कळत नव्हतं. तो माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, “भाऊ, झालं काय?”

“आता दुसरी पाहिजे,” नाना म्हणाले. “त्याच नाकातून.”

“कुणाच्या नाकातून?” किशोर घाबरून म्हणाला. अ‍ॅकॉर्डियनवाल्यानं आपलं नाक हातानं झाकलं.

“ग्रॅज्युएट, काठी घे. मार तिला.”

मी गाडीत चढलो. स्टँड उभा केला. सगळं घर, गल्लीतली माणसं, दारातल्या अक्का, किशोर, सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, याच्याएवढी मोठी परीक्षा आज सकाळी झाली नाही. मी मारली. नाना पायरीवरून म्हणाले, “राम...” आणि थांबले. दुसरा राम त्यांनी सावकाश म्हटला. त्या रामाच्या आधीच सगळं शांत झालं होतं.

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, आता तरी म्हणतील म्हणून. नाना उठले, धोतर झटकलं. “मुंबईची घरात ठेवा. उद्या परत पाठवू,” म्हणाले. “चला.”

एवढंच.

असोद्याला मांडवात मी शेवटच्या गाण्यात ती शिंक वाजवली. पाहुण्यांमध्ये एक पोर हसलं, एवढं मला ऐकू आलं. मागे स्टुलावर नाना होते. मी वळलो तेव्हा ते कापूस कानात घालून लाउडस्पीकरच्या वायरीवरून कुणाला तरी झापत होते.

मग पंगत बसली. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. आमच्यासोबत आलेला किशोर धुळ्याला लगेच जायचा तो जेवायला थांबला होता आणि नेमका माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याच्याशी बोललो नाही. त्यानं बट्टी कुस्करली, वरण ओतून घेतलं आणि विचारलं, “भाऊ, तुम्ही खरंच बी.कॉम. आहात?”

“शेवटच्या वर्षाला आहे.”

“मग नाना तर केव्हापासून सांगताहेत, झालात म्हणून.”

“कुठे सांगताहेत?”

“धुळ्याला. मंडपाचं कापड घ्यायला येतात ना, तेव्हा आमच्या ऑफिसासमोरच्या टपरीवर चहा पितात. आमच्या मालकाला आत ऐकू जाईल एवढ्या जोरात बोलतात. आमचा ग्रॅज्युएट असा वाजवतो, आमच्या ग्रॅज्युएटचा डावा हात तसा चालतो. आमचे मालक ऐकतात आणि मला येऊन शिव्या देतात. भाऊ, तुमच्यापायी मी किती बोलणी खाल्ली असतील! राग यायचा मला तुमचा. आज बोलावलं तर म्हटलं जाऊ, बघून तरी येऊ कोण आहे हा ग्रॅज्युएट.”

मी बट्टी कुस्करत राहिलो. मग मी म्हटलं, “ते तुमच्या मालकांना जाळायला बोलत असतील.”

“मलाही तसंच वाटायचं. म्हणून आज समोर बसलो. पहिल्या रांगेत.” त्यानं भाजीकडे बोट करून वाढप्याला खूण केली. “तुम्ही शिंक मारली ना, तेव्हा मी तुमच्याकडे नव्हतो बघत. नानांकडे बघत होतो. दोन्ही बोळे हातात. डोळे मिटलेले.”

“आणि?”

“आणि ओठ हलले.”

“काय म्हणाले?”

“आता एवढ्या लांबून काय ऐकू येणार, भाऊ? पण तोंड असं झालं.” त्यानं हातातला घास खाली ठेवला, वरणाचा हात तसाच हवेत धरून डोळे मिटले, आणि म्हणाला, “आ हा.”

अगदी तसंच. सोनगीरला मी पाहिलं होतं तसंच.

“पुन्हा कर,” मी म्हटलं.

“काय?”

“पुन्हा दाखव.”

त्यानं पुन्हा दाखवलं. समोरच्या रांगेतल्या म्हातारबाबांना वाटलं, भाजीची तारीफ चाललीय. ते म्हणाले, “असोद्याची वांगी शेत, पोऱ्या, अशीच लागतीन!”

पुढे मी पास झालो, आणि नानांनी ऑर्केस्ट्राच्या कापडी फलकावर माझ्या नावापुढे मोठ्या अक्षरांत ‘बी.कॉम.’ रंगवून घेतलं. गायिकेच्या नावापेक्षा मोठं. तो फलक बांधायला पहिल्यांदा त्यांनी धुळ्याचाच कार्यक्रम घेतला. “तिकडे ड्रमवर मॅट्रिक नापास आहे,” असं ते टपरीवर सांगून आले असणार. मला बँकेत नोकरी लागेपर्यंत मी त्यांच्याकडे वाजवत राहिलो. कापलेली शिंक वाजवायची वेळ आली की हात पुढे आणि मान मागे, असं करून मी कितीदा तरी त्यांचा चेहरा पकडायला पाहिलं. पण मी वळलो की त्यांचे डोळे उघडे असायचे, आणि वरून आवाज यायचा, “पुढे बघ! शिंक काय मागे बघून येते?”

नाना गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात आठ पॅडांचं विजेवरचं यंत्र आलं, त्यात सगळ्या झांजा बटणावर आल्या आणि ड्रमच्या खोलीत कुणी साधा भाडेकरू राहायला आला. नानांच्या तेराव्याला त्यांचा धाकटा भाऊ धुळ्याहून आला होता. एकटाच कोपऱ्यात बसला होता. अक्कांनी मला ती कापलेली झांज काढून दिली आणि तो भाऊ ती माझ्या हातात जाताना बघत राहिला. तसं बघणं मी ओळखतो.

माझी बदली काही वर्षं धुळ्याला होती. किशोर तिथंच असतो. आता त्याचं वाद्यांचं दुकान आहे. आमची चांगली मैत्री आहे, घरी येणं-जाणं आहे. तरी एक गोष्ट त्याला मी सांगितलेली नाही, आणि सांगितली तर तो हसेल. तो दारातून आत आला की माझी नजर आधी त्याच्या डोळ्यांवर जाते. ते डोळे पहिल्या रांगेत होते. शिंक माझी होती, कान नानांचे होते, आणि बघायला तेवढा तो एकटा. मला त्याचा अजून हेवा वाटतो.